क्षमावहिनींना जाहीर पाठिंबा

रोज सकाळी धारेच्या वेळी आष्ट्यातली एक म्हैस माझ्या तोंडावर शेपटी मारते.

•

ओला झालेला दोरा दातांनी तोडायला फार वेळ लागतो. बघणारे असले तर आणखी.

•

तत्त्व : कुणाचाही फोटो त्याच्या संमतीशिवाय चौकात लावू नये. वस्तुस्थिती : ‘अ’ ही विवाहित स्त्री आहे. ‘ब’ हा तिचा दीर आहे. ‘ब’च्या ओळखीचा एक चौक आहे. प्रश्न : ‘अ’ने काय करावं? पर्याय एक, हसावं. पर्याय दोन, हसून चहा टाकावा. बाकीचे दोन पर्याय छपाईत गेले.

•

‘इथं. इथं. आणि ह्या पानाच्या मागं.’

•

पुरणपोळी हे आमिष आहे का?

•

औंधच्या यमाईचं एक ठाणं वर डोंगरावर आहे आणि एक खाली गावात, एवढंसुद्धा ठाऊक नसेल तर बाईनं दर शुक्रवारी औंधला जाऊ नये.

•

हे सगळे तुकडे एकाच परीक्षेचे आहेत. आता क्रमानं सांगते. मध्येच कुणी पाठिंबा द्यायला आलं तर मात्र माझा नाइलाज आहे.

मी क्षमा, राहणार सातारा, वय चव्वेचाळीस. नवरा जयराज शिरवळच्या एका कंपनीत आहे. तो कंपनीच्या बसनं जातो, कंपनीच्या बसनं येतो, आणि घरात सोफ्यावर असतो तेव्हाही पुढच्या थांब्याची वाट बघत असल्यासारखा दिसतो. सासर आष्ट्याचं, उसाचं. तिथं सासूबाई आहेत, नाव राहीबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. आणि धाकटे दीर धैर्यशील. धैर्यशील ऊस कारखान्याला घालतो आणि स्वतःला राजकारणात. वजन दोन्हीकडे दुसऱ्याच्या काट्यावर होतं.

मला वकील का व्हायचं होतं, हे एका परिच्छेदात संपवते. वडील गेल्यावर माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र झालं. बहिणींनी भावाच्या नावे हक्क सोडायचा आणि बदल्यात साडी घेऊन रडत परत यायचं, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी कागदावर बोट ठेवत वकील म्हणाला, “इथं. इथं. आणि ह्या पानाच्या मागं.” मी म्हटलं, “जरा वाचते.” तो हसला. भाऊ हसला. साडी घेऊन उभी असलेली वहिनी हसली. वकील म्हणाला, “ताई, तुम्ही वाचून काय करणार?” जमीन गेल्याचं मला फार वाटलं नाही, तसा मुरमाडच तुकडा होता तो. पण ते हसू मात्र माझ्याबरोबर साताऱ्याला आलं, आणि साडी एका धुण्यात विटली तरी ते विटलं नाही.

तर कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधी प्रवेश परीक्षा असते. ती कॉम्प्युटरवर असते, चारांतला एक पर्याय निवडायचा असतो, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. म्हणजे संसारापेक्षा सोपी. मी ठरवलं की द्यायची.

माझी चूक इथंच झाली. मी हे मोठ्यानं ठरवलं.

जयराज म्हणाला, “दे की.” त्याचा पाठिंबा इथं सुरू होऊन इथंच संपला आणि आज मागं वळून बघता तोच सर्वांत उपयोगी ठरला.

समोरच्या दारातले तात्या महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. म्हणजे निवृत्त फक्त पगार झाला. तात्या अजून कारकूनच आहेत. त्यांच्या घरी पाव्हण्यानं पाणी मागितलं तरी ते आधी ‘कशासाठी’ असं विचारतात. ते म्हणाले, “क्षमा, पुस्तकं विकत घेऊ नकोस. कायदा म्हणजे मी आहे.” मग ते रोज संध्याकाळी येऊन मला जमीन महसूल शिकवू लागले. परीक्षेत जमीन महसूल नाही, असं मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, “मग परीक्षा चुकीची आहे.”

अर्ज भरताना कळलं की माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आहे आणि आधार कार्डावर सासरचं. ह्या दोन बायका एकच आहेत, याचा पुरावा हवा होता. विवाह नोंदणीचा दाखला आणा, म्हणाले. आमच्या लग्नाला अख्खं आष्टा जेवलं होतं, पण नोंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. ज्या भटजींनी लग्न लावलं ते वारले होते. फोटोत साक्षीदार म्हणून दाखवण्यासारखा एकच चेहरा स्पष्ट होता आणि तो घोड्याचा होता. शेवटी धैर्यशीलला फोन केला.

“वहिनी, तुमी काय बी काळजी करू नका,” तो म्हणाला. “दाखला कशाला पायजे, तेवढं सांगा.”

मी सांगितलं. दाखला दोन दिवसांत मिळाला. दाखल्याबरोबर फ्लेक्सही लागला.

आष्ट्याच्या चौकात, बारा बाय आठ. वर गोलांमध्ये नेतेमंडळी. त्यांच्याखाली आदरणीय दादा, हात जोडून. डावीकडे धैर्यशील, गॉगल लावून, कानाला मोबाईल. तो त्या फोनवर कुणाशी बोलतोय हे आजवर कुठल्याच फ्लेक्सवर उघड झालेलं नाही. त्याच्याखाली मित्रमंडळाचे चेहरे, चाळणीला भोकं असावीत तसे. मधोमध सोनेरी अक्षरांत : ‘भावी ॲडव्होकेट सौ. क्षमावहिनी यांना जाहीर पाठिंबा!’ आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, छापणाऱ्याच्या मोबाईल नंबराच्या वर, मी. फोटो पुतणीच्या बारशातला होता. त्यात माझ्या तोंडात जिलेबी आहे.

ज्या परीक्षेचा अर्ज अजून भरून झाला नव्हता, त्या परीक्षेची मी चौकात उमेदवार झाले होते.

“आवडलं का?” धैर्यशीलनं विचारलं.

‘अ’नं हसून चहा टाकला.

त्या वर्षी माझं केंद्र साताऱ्याजवळच्याच एका कॉलेजात होतं. आदल्या दिवशी आत्याबाई मुक्कामाला आल्या. पहाटेपासून त्यांनी मला दही-साखर, मग पेढा, मग पुन्हा दही दिलं, कारण मधे शिंक आली होती. तात्यांनी दारातच एक शेवटची सूचना दिली, “उत्तर येत नसेल तर ‘वरीलपैकी सर्व’ लिही. शासनाचा कल तिकडेच असतो.” आणि खाली चार गाड्या उभ्या होत्या. धैर्यशील मित्रमंडळ घेऊन आला होता. मंडळ हलगी घेऊन आलं होतं.

हलगी ऐकलेल्या माणसाला सांगायला नको आणि न ऐकलेल्याला सांगून उपयोग नाही. ती कानात वाजत नाही, बरगड्यांत वाजते. कॉलेजच्या फाटकावर वरात आलेली बघून रखवालदार म्हणाला, “मंगल कार्यालय पुढं आहे.” मग पोरांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मी नको म्हणाले, त्यामुळे फक्त पर्स खांद्यावरून गेली. आत बसले तर पडद्यावर पहिला प्रश्न, आणि डोक्यात डांग-टिकटिक, डांग-टिकटिक. पुढचे दोन तास मी तालावर उत्तरं दिली.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. म्हणजे शंभरांतल्या किती जणांच्या पुढं तुम्ही आहात. माझा आकडा सांगत नाही. माझ्या मागं फारशी गर्दी नव्हती, एवढंच.

यश मिळालं की लोक फोन करतात, अपयश मिळालं की प्रत्यक्ष येतात. खालच्या मजल्यावरची माया आली. ही आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाची अध्यक्ष, आणि कुणाच्याही घरचं दुःख तिला माहेरच्या कार्यासारखं वाटतं. “बरंच झालं गं,” ती म्हणाली. “वकिलांना किती खोटं बोलावं लागतं. तुला कुठं जमणार?” तात्यांनी प्रश्नपत्रिकेतले दोष सांगितले. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, “व्हईल गं. आन न्हाई झालं तर काय कोन उपाशी ऱ्हातंय?” आणि आष्ट्यात, जिथं फ्लेक्स अजून होता, तिथं मला सगळे ‘वकीलबाई’ म्हणू लागले. कुचेष्टेनं नव्हे, मनापासून. बांधाच्या भांडणातली दोन माणसं तर थेट साताऱ्याला आली आणि दोन्ही बाजूंनी मलाच वकीलपत्र द्यायला निघाली.

पावसाच्या तोंडावर फ्लेक्स उतरला. चांगला जाड होता. वाया कशाला घालवायचा? तो धैर्यशीलच्या गोठ्याला आडोसा म्हणून लागला. नेतेमंडळी वर पत्र्याखाली गेली. मी, खाली उजव्या कोपऱ्यात, म्हशीच्या शेपटीच्या टप्प्यात आले.

तेव्हा मी ठरवलं की पुन्हा परीक्षा द्यायची. या वेळी मनात.

•

पण घरातून अभ्यास करायचा म्हणजे दार बंद करायचं, आणि दार बंद केलं की तात्या ते वाजवतात. बाहेर जायला कारण हवं. आमच्या समाजात बाई एकटी, ठरलेल्या वाराला, दिवसभर बाहेर राहिली आणि कुणीच काही विचारलं नाही, असं कोणत्या कारणानं होईल? मी बराच विचार केला. उत्तर एकच आलं, आणि ते चारही पर्यायांत बरोबर होतं.

नवस.

“औंधच्या यमाईचे शुक्रवार धरलेत,” मी जाहीर केलं.

काय सांगू, अख्ख्या घराचा सूर बदलला. परीक्षा म्हटलं की ज्याला त्याला मत असतं. नवस म्हटलं की सगळे हात जोडून दोन पावलं मागं होतात. आत्याबाईंनी फोनवर विचारलं, “कशापायी गं?” आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, “नगं, सांगू नगं. मागनं सांगायचं नसतं.” तात्यांनी त्या दिवशी बेल वाजवली नाही. जयराजला काही कळलं का? जयराजला घरातला फ्रीज बदललेला मे महिन्यात दिसला. घेतला दिवाळीत होता.

दर शुक्रवारी मी औंधची म्हणून निघायचे आणि राजवाड्याजवळच्या एका अभ्यासिकेत जाऊन बसायचे. तिथं स्पर्धा परीक्षांची मुलं होती. त्यांच्यातले काही इतकी वर्षं तयारी करत होते की खुर्चीला त्यांचा आकार आला होता. ते तासभर वाचत आणि तीन तास चहावर व्यवस्थेबद्दल बोलत. मला ‘काकू’ म्हणत आणि माझ्या डब्यावर त्यांचं बारीक लक्ष असे. “काकू, तुम्ही या वयात प्रेरणा आहात,” असं एकजण माझी बटाट्याची भाजी खाताना म्हणाला. प्रेरणेला भाजी उरली नाही. पण ते काही असो, तिथं मला कुणी पाठिंबा दिला नाही. माझा अभ्यास झाला. संध्याकाळी प्रसाद म्हणून पेढे घेऊन, मनगटाला देवीचा पिवळा दोरा बांधून मी घरी यायचे.

“औंधच्या पेढ्याची चव थेट आपल्या कंदी पेढ्यासारखी लागते,” तात्या म्हणाले.

“देवीला सगळं सारखंच,” मी म्हणाले. या उत्तरावर कारकूनसुद्धा शेरा मारू शकत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग आष्ट्यात धैर्यशीलच्या प्रभागाची पोटनिवडणूक लागली, आणि माझे शुक्रवार नेमके त्याच महिन्यात चालू होते. वहिनी दर शुक्रवारी डोंगर चढते, उपाशी राहते, कशासाठी ते सांगत नाही, आणि इकडे दिराला तिकीट मिळतं! भावकीनं दोन आणि दोन जोडून बावीस केले.

धैर्यशील साताऱ्याला आला. आयुष्यात पहिल्यांदा गॉगल काढून बोलला.

“वहिनी, मला सगळं कळलंय.”

मी गार पडले. अभ्यासिकेतल्या भाजीखाऊनं सांगितलं की काय?

“सख्खा भाऊ करनार न्हाई एवढं तुमी माझ्यासाठी करताय.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “आता उद्यापनाचं सगळं माझ्याकडं. शेवटच्या शुक्रवारी औंध, आन तिथनं थेट आष्टा. अख्ख्या प्रभागातल्या सवाष्नी जेवायला. पुरनपोळी, कटाची आमटी. तुमी फकस्त पयली ओटी भरायची.”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, “मागणं सांगायचं नसतं.”

“कळतंय की मला,” असं म्हणून तो पाया पडला.

परीक्षा त्यानंतरच्या रविवारी होती, म्हणून मी निर्धास्त होते. इतक्यात परीक्षा घेणाऱ्यांनी ती तांत्रिक कारणास्तव पुढं ढकलली. मग प्रशासकीय कारणास्तव अलीकडे आणली. या दोन कारणांच्या मधोमध माझा शेवटचा शुक्रवार सापडला. केंद्र, सांगली. पाळी, दुपारची.

मायानं तोवर महिला मंडळाची बस ठरवली होती.

•

बस पहाटे निघाली. मी हिरवी साडी, नाकात नथ, हातभर चुडा, आणि ओटीच्या पिशवीत खण-नारळाच्या खाली हॉलतिकीट अशा थाटात पुढच्या सीटवर होते. औंधला पोचल्यावर माया म्हणाली, “क्षमा, तू पुढं हो. तुझा रोजचा रस्ता.” मी ठामपणे गावातल्या देवळाकडं निघाले. बायका डोंगराकडं बघत थांबल्या.

“आधी खालच्या देवीला सांगून मग वर जायचं असतं,” मी म्हणाले. सगळ्याजणी मुकाट्यानं माझ्या मागं आल्या. ही प्रथा आता आमच्या कॉलनीत कायम झाली आहे.

वर, गाभाऱ्यात गुरवानं माझ्याकडं बघून विचारलं, “ताई, पैल्यांदाच आलाय जणू?”

मायानं माझ्याकडं मान वळवली.

“देवीपुढं मला दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखं वाटतं,” मी म्हणाले.

दोन बायकांनी डोळे पुसले. वकिलांना खोटं बोलावं लागतं, तुला कुठं जमणार, म्हणे!

आष्ट्यात पोचलो तेव्हा मांडव भरला होता. पंगतीत सवाष्णी, मधून फिरणारं मित्रमंडळ, कोपऱ्यात हलगी. आत्याबाई पाटावर बसून सगळ्यांना सांगत होत्या, “माझ्या सुनंनं शुक्रवार केलं, लय कडक.” मी घड्याळ बघितलं. सांगली जवळ होती, पण या मांडवातून बाहेर पडणं म्हणजे सांगलीहून लांब. सगळ्या सवाष्णींच्या ओट्या भरेपर्यंत तिकडं फाटक बंद झालं असतं. आणि पुन्हा ते हसू.

धैर्यशील नारळ घेऊन आला. “वहिनी, हं, पयली ओटी.”

तेव्हा मला सुचलं. अभ्यासिकेतल्या त्या सगळ्या शुक्रवारांचं चीज इथं झालं.

“धैर्यशील, ह्या बायका कोण?” मी हळूच विचारलं.

“आपल्याच की. आयाभैनी.”

“मतदार आहेत?”

“व्हय तर! सगळ्या आपल्याच.”

“आणि परवा मतदान आहे. आणि जेवण तू घालतोयस.”

तो हसत होता, तो थांबला. “न्हाई, पन... नवस हाय की.”

“नवस माझा. मी साताऱ्याची मतदार. माझ्या नवसाची पंगत तुझ्या प्रभागात कशी, असं भरारी पथकानं विचारलं तर काय सांगशील?”

“पुरनपोळी असती वो वहिनी. दारू न्हाई, काय न्हाई.”

“आचारसंहितेत पोळी आणि दारू वेगळी नाही. आमिष ते आमिष.”

खरं तर वेगळी आहे की नाही हे मला आजही नक्की माहीत नाही. तो भाग माझा कच्चा आहे. पण मी ते अशा आवाजात म्हणाले की धैर्यशीलनं नारळ पाठीमागं लपवला.

“मग आता काय करायचं?”

“गाडी काढ. सांगलीला चल.”

“सांगलीत कोन हाय?”

“वकील,” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. जरा लवकर होतं, एवढंच.

गाडीत बसताना मागून आत्याबाई ओरडल्या, “आगं, ओटी!” मायानं सवाष्णींना समजावलं की व्रतवालीला देवीनं बोलावलंय. मायासारखी बाई प्रत्येक खटल्यात असावी.

•

सांगलीच्या केंद्राबाहेर रांग होती. पोरंपोरी, हातात हॉलतिकीट, आणि त्यांच्यात मी, नथीसकट. धैर्यशीलनं गाडी लावली, फलक वाचला, रांग बघितली, माझ्या हातातला कागद बघितला.

“वहिनी, ही परीक्षा हाय.”

“हो.”

“पुन्हा?”

त्या एका शब्दात फ्लेक्स, हलगी, निकाल, गोठा, म्हैस, सगळं होतं. टेबलावरच्या मुलानं एक हमीपत्र पुढं सरकवलं आणि बोट ठेवलं. “काकू, इथं सही. आणि इथं.”

मी ते हातात घेतलं आणि वाचायला लागले.

“अहो काकू, सगळे करतात. वाचून काय—”

“वाचते,” मी म्हणाले.

मागची रांग कुरकुरली. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यात काहीही नव्हतं. मोबाईल आणणार नाही, कॉपी करणार नाही, असलंच. पण मी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मग सही केली, आणि रांगेतलं कुणी हसलं नाही. चिडले होते सगळे. चिडलेले मला चालतात.

पुढं तपासणी. रखवालदार बाई जाडजूड आणि कंटाळलेली.

“नथ काढा. बांगड्या काढा. जोडवी काढा.” सगळं काढून मी धैर्यशीलच्या रुमालात टाकत गेले. “मंगळसूत्र असू द्या. आता त्यो दोरा.”

“त्यो देवीचा हाय,” धैर्यशील बाहेरून म्हणाला.

“देवीचा असू दे न्हाईतर देवाचा. आत दोरा चालत न्हाई.”

“का पन?”

“नियम हाय.”

“कात्री आहे का?” मी विचारलं.

“कात्री आनली आसती तर तुमाला आत तरी सोडलं आसतं का?”

व्यवस्थेबद्दल अभ्यासिकेतली मुलं जे काही तीन तास बोलत, ते या बाईनं एका वाक्यात सांगितलं.

धैर्यशील फाटकाच्या गजांना धरून उभा होता. “वहिनी, पाया पडतो. परवा मतदान हाय. उद्यापन अर्धं टाकून आलोय. निदान दोरा तरी तोडू नका. परवा संध्याकाळपतूर ठेवा.”

“परवा परीक्षा नाही.”

“पुढच्या वर्षी द्या की! परीक्षा दरसाली येती. पोटनिवडनूक येत न्हाई.” मग त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. “वहिनी, एक सांगा. नवस माझ्यासाठीच हुता न्हवं?”

फाटक बंद करायची वेळ झाली होती. रखवालदार बाई एक हात कडीवर ठेवून ऐकत होती. तिलाही उत्तर हवं होतं.

“मागणं सांगायचं नसतं,” मी म्हणाले, आणि मनगट तोंडाशी नेलं.

दोरा चिवट होता. सकाळपासूनच्या घामानं भिजून आणखी चिवट झाला होता. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, हिरव्या साडीत, कायद्याच्या परीक्षेच्या दारात, कुत्र्यानं चप्पल धरावी तशी मनगट धरून उभी होते, आणि रांगेतली पोरं मला सल्ले देत होती. “काकू, दाढेनं ओढा.” “डावीकडनं, काकू.” तुटला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. धैर्यशीलनं डोळे मिटून घेतले होते.

आत कुठलीच हलगी वाजली नाही.

•

धैर्यशील पडला. थोडक्यात पडला, आणि थोडक्यात पडलेल्या माणसाला कारण लागतं. भावकीच्या बैठकीत ते एकमतानं ठरलं : वहिनीनं दोरा तोडला. आत्याबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. नंतर बोलल्या, ते एवढंच की देवीची माफी मागून शुक्रवार पुन्हा धर, आणि या वेळी पुरे कर. तात्या म्हणाले, अपील करता येईल, पण कुणाकडे ते बघावं लागेल. मायाच्या मंडळात यावर अजून चर्चा चालू आहे.

मी साताऱ्यातल्याच कॉलेजात प्रथम वर्षाला आहे. वर्गात पुन्हा ‘काकू’च. डबा मात्र आता एकटी खाते.

परवा धैर्यशील आला. हातात एक लिफाफा होता, निवडणूक कचेरीचा. मतदानाआधी मांडव घालून जेवणावळ उठवल्याबद्दल खुलासा करा, अशी नोटीस. म्हणजे मी मांडवात जे ठोकून दिलं होतं, ते बरोबर निघालं. मला त्याचा जितका आनंद झाला तितका व्हायला नको होता.

“तिथला वकील म्हनला, हितं सही करा, बाकीचं मी बघतो,” तो म्हणाला. “म्हटलं, आदी वहिनीला वाचाय देतो.”

मी चष्मा लावला. तो समोर बसला, गॉगल हातात घेऊन. मी वाचत असताना त्याला राहवेना.

“वहिनी, त्यो दोरा तेवढा ऱ्हायला आसता न्हवं, तर—”

“गप्प बस. वाचू दे.”

मी पान उलटलं. मागंही छापलेलं होतं.

दोरा पेढ्यांच्या पुड्याचा होता.